पट्टा

तोरशाव्हनच्या दवाखान्यात बिरिटाने माझा हात
छताकडे उभा धरला, वल्हं धरावं तसा,
आणि बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत
रबरी पट्टी ओढून ओढून गुंडाळत नेली.
धुणं पिळावं तसं रक्त मागे सरकलं.
मग दंडावरचा पट्टा फुगला. काटा अडीचशेवर.
"नऊ दहा," ती म्हणाली. फळ्यावर लिहिलं.

रबर सोडलं तर हात माझा नव्हता.
मिठात मुरलेल्या कॉडसारखा पांढरा.

मीही मासे असेच पांढरे केले, चाळीस वर्षं:
कल्ल्याखाली सुरी, मग वाहत्या पाण्याची टाकी,
रक्त निथळेपर्यंत.
घाई केली तर मांस डागाळतं,
व्यापारी नेमकं तिथेच बोट ठेवतो.

करंगळी आणि अनामिका
सहा वर्षांत तळव्याकडे वळत गेल्या.
दुकानात चेष्टा, साकारिस हात आखडता घेतो.
डॉक्टरीण म्हणाली, कातडीखाली दोर तयार झालेत.
रक्तात कळत नाही
दोर कुठला, मज्जातंतू कुठला.
कोरडं लागतं.

मधे हिरवा पडदा. पलीकडे कात्री.
"वीस मिनिटं," बिरिटा.

रोईच्या दंडाला मी माझा कमरेचा पट्टा बांधला होता.
विंचने त्याचं मनगट आत ओढलं तेव्हा,
फेब्रुवारीत, आइसलँडच्या दक्षिणेला.
बकलाला भोक पुरेना, सुरीने नवं पाडलं.
रक्त थांबलं. मला वाटलं, झालं.
घड्याळ नव्हतं असं नाही,
माझ्याच हातावर होतं.
बंदर अकरा तासांवर.
जरा सैल करून बघू का,
हे मी कुणालाच विचारलं नाही.
भाऊ वाचला. हात कोपराच्या वरून गेला.
पट्टा त्याने धुऊन परत दिला.
मी अजून तोच वापरतो, एक भोक जास्त आहे.

"चाळीस."
"सोडा."

हवा सुटते. पडदा थोडा बाजूला.
कुणी काही करत नाही, सगळे नुसते बघतात.
तळवा आधी, मग अंगठा,
उकळत्या पाण्यातून काढलेल्या कोळंबीसारखा गुलाबी.
करंगळीसुद्धा.
अनामिका तशीच पांढरी.

बिरिटा तिचं नख दाबते, सोडते.
दाबते, सोडते.
माझा जीव त्या न मिटलेल्या मुठीत.
मग नखाच्या कडेला, अगदी कडेला,
काहीतरी.

ती फळ्याकडे वळते
आणि लिहिते, नऊ पन्नास.