चबी

नागपूरची मंडळी पोहे खाऊन निघाली
तेव्हा मुलाची बहीण गाडीत बसता बसता
फोनवर बोलली, "हो, चबी आहे जरा."
आई ओट्यावर बशा गोळा करत होती.
तिला ऐकू आलं, छबी.
बाबांना ऐकू आलं, चाबी.
ते स्वतःचेच खिसे चाचपत
गाडीमागे दहा पावलं धावले,
"राह्यली का वो तुमची चाबी?"

तीन दिवस आई गावभर छबी वाटत फिरली,
बोडीच्या पारीवर, आटाचक्कीत, नान्हेबाईच्या दारात.
"आमच्या निरंजनाले छबी म्हनलं त्याईनं."
चौथ्या दिवशी झिंगे निवडता निवडता
तिनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग बराच वेळ झिंग्यांकडंच.

मला अर्थ कळला होता. आवाजावरून.
जाडी, ढोली, कापसाची गाठ,
पाचवीपासून असले शब्द अंगावर घेतलेत मी.
हा मऊ होता,
गालाला हात लावून गेल्यासारखा,
म्हणून जास्त दिवस राहिला.

लांजेवार सरांकडे शब्दकोश आहे,
पाठ मोडलेला, सुतळीनं बांधलेला.
अंगानं तोही भरलेलाच,
पण त्याला कुणी बघायला येत नाही.
सरांनी पान काढलं आणि थांबले.
जरा बरा अर्थ शोधत असतील.
"गुबगुबीत," म्हणाले. "लहान लेकरांना प्रेमानं म्हणतात."
मी सव्वीसची आहे, सर.
तेव्हा त्यांचं बोट खाली सरकलं.
"चब हा मासा आहे. तिकडच्या नद्यांमधला.
जाड, ठेंगणं अंग. त्याच्यावरून पडला शब्द.
आणि जुन्या काळी तिकडं
आळशी, मठ्ठ, खेडवळ माणसालाही चब म्हणत."

"कोन्ता मासा?"
आई दारात उभी. टोपली डोक्यावरच.
"केवढा भरते? काटे गंज आहेत का?
वरच्या पाण्यात राह्यते का चिखलात?"
सरांनी पुन्हा पान पाहिलं.
एवढं कोशात नव्हतं.
"मंग त्याईले मासा समजतच नाही," आई म्हणाली.
"रोड मरळ कोन घेते वो, गुरुजी?
मासा रोड निंगाला का समजाचं,
बोडीच उपाशी आहे."
आणि टोपली सावरत निघून गेली,
जणू भांडण तिथल्या तिथं मिटलं.

मिटलं नव्हतं. रात्री तिनं माझ्या ताटात
भाताचा दुसरा उंडा वाढला नाही.
मग उठली, आणि वाढला.

शुक्रवारी लाखांदूरच्या बाजारात
मी पाटावर बसते, विळा पायाखाली.
एक बाई कतल्याचं पोट दाबून पाहते,
"हा द्या. भरलेला आहे."
मी खवले काढते. ते गालावर उडतात, चिकटतात,
संध्याकाळपर्यंत तसेच असतात.

बाबा मात्र अजून चाबीवरच आहेत.
गाडी उभी होती त्या जागी, कडुलिंबाखाली,
जाता येता वाकून बघतात,
पायानं पाला बाजूला करतात.