कारण: इतर

आमच्या सातवीचा पट
समोरच्या इमारतीवरून मोजता येतो.

पाया खणत होते तेव्हा तीन मुलं होती,
कोळप्यांचा दत्तू आणि सुतारांची जुळी.
बाकीचं गाव पिवळ्या बसमध्ये बसून गेलेलं.
सहाव्या स्लॅबला अकरा झाली,
चौदाव्याला तेहतीस.
बाक कमी पडले, पाचवीतून उचलून आणले.
केंद्रप्रमुख ताम्हाणे सर म्हणाले,
बाई, काय केलंत ते इतर शाळांनाही सांगा.

काय केलं?
सिमेंट आलं, खडी आली, छत्तीसगडहून माणसं आली,
माणसांमागे पोरं.
मी फाटकाची कडी काढून ठेवली, इतकंच.

फाटकावरची पाटी दोनदा रंगवलेली.
वर पुणे महानगरपालिका,
खालून अजून डोकावते जिल्हा परिषद.
सूसकडून ऊन तिरपं आलं
की दोन्ही एकदम दिसतात
आणि धड एकही वाचता येत नाही.

फुलेश्वरी निषाद. वय तेरा, तिसरीनंतर खंड.
पहिल्या दिवशी म्हणाली, मोर नाव फुलेश्वरी हे.
वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
दिवाळीनंतर तिनं फळ्यावर मांडलं:
बावीस मजले, मजल्याला सहा घरं, एकशे बत्तीस.
'घरात एकच पोर धरलं ना बाई,
भागिले तेहतीस,
आपल्या चार तुकड्या होतील. बाकी शून्य.'
आणि खडूचे हात फ्रॉकला पुसले.
मी बरोबरची खूण केली.
गणित बरोबरच होतं.

फेब्रुवारीत बाहेरून रंग लागला, कसलासा मोतिया.
पत्र्याच्या खोल्या एका रविवारी उतरवल्या.
सोमवारी हजेरीला बारा 'हजर'.
चाचणी गुरुवारी.
भागाकार येणारे: बारात तीन.
तक्त्यात आमचं घर लाल झालं,
ताम्हाणे सरांचा फोन, लेखी खुलासा द्या.

पट घटल्याचं कारण यादीतून निवडायचं असतं.
स्थलांतर. विवाह. मृत्यू. खासगी शाळेत प्रवेश. इतर.
इमारत पूर्ण झाली, असा पर्याय नाही.
स्थलांतरावर बोट गेलं होतं;
तिथं दाखला क्रमांक मागतात,
आणि दाखले तर माझ्या कपाटात आहेत,
एकवीसच्या एकवीस, न्यायला कुणी आलंच नाही.

जूनमध्ये त्या बावीस मजल्यांखाली
पिवळी बस उभी राहू लागली. दोन येतात आता.
दत्तू फाटकाशी उभा राहून चढणारी पोरं मोजतो.
चाळीसच्या पुढं त्याचं चुकतं.

कुठंतरी नवा पाया खणत असतील.
तिथल्या बाईंचा पट वाढला असेल,
आणि कुणी विचारत असेल, काय केलंत?
त्यांनी सांगावं काय सांगायचं ते.
फक्त ती 'हे' म्हणाली तर हसू नका,
आणि भागाकार पुन्हा पहिल्यापासून शिकवू नका.
तिला येतो.