तीन महिने नुसता दगड

दस्तगीरमामूंनी पहिल्या दिवशी लाकूड दाखवलंच नाही.
एक पटाशी दिली, बाभळीच्या मुठीची,
आणि एक दगड, मधोमध खोलगट,
साखर पेठेतल्या तीन पिढ्यांनी घासून तसा केलेला.
"आधी ह्याला सपाट कर."
दगडालाही दगड लागतो, हे मला तिथं कळलं.

शहाबादी फरशीवर वाळू, पाणी,
वर पत्रा, पत्र्यावर मे महिना.
पाणी पसरेपर्यंत वाळून जायचं.
"काय करलालीस गे? शेंगाचटणी कुटलालीस का?
हात हलू दे. कोन हलू नये."

कोन मी शाळेत वहीत काढला होता.
इथं तो मनगटात बसवायचा,
कोपर बरगडीला चिकटवून,
श्वास सोडताना पुढं, घेताना मागं.
जरा डुललं
की धारेला पोट सुटतं.

मग एके दिवशी लव आली.
पात्याच्या पाठीला, डोळ्यांना न दिसणारी,
फक्त अंगठ्याला अडखळणारी,
तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी.
ती येईतो घासायचं,
आली की चामड्यावर ओढून घालवायची.
मामूंनी नखावर पटाशी टेकवून पाहिली.
घसरली नाही.
काही बोलले नाहीत,
चहा दोन सांगितले.

पहिलं लाकूड शिसवीचं.
चादरीच्या कोपऱ्यावर छापायचा मोर,
खाली कारखान्याचं नाव, उलटं.
सगळी अक्षरं पाठ फिरवून बसलेली,
ठशातला ठ तेवढा
कुठूनही बघा, ठच.
"रेघ कोरू नको. रेघेच्या बाजूचं काढ.
रेघ आपोआप उरती."
उरली. तुरा सोडून.
रेषा कुठे वळलीय ते न बघता मी पटाशी रेटली
आणि तुरा उडाला, भुशात.
मामूंनी गुडघ्यांवर बसून तो शोधला,
फेव्हिकॉलनं बसवला.
"छापात दिसणार नाही," म्हणाले.
"तुला दिसंल."

त्या रात्री घरी, विडी घरकुलात,
अम्माची पान कापायची कातरी घेतली.
बोथट, वीस वर्षांची.
दगड भिजवला. कोन. श्वास. लव.
सकाळी तिनं नेहमीच्या जोरानं पान धरलं
आणि पानाआधी बोट कापलं.
बोथटपणाशी जमवून घेतलेला तिचा हात,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
तेलुगूत मला, कातरीला, मामूंना, सगळ्यांना शिव्या बसल्या.
चिंधी बांधून पुन्हा सुपापाशी बसली.
हजार विड्या पूर्ण झाल्या तेव्हा
अंगणात अजून ऊन होतं.
तिनं त्या उन्हाकडे बघितलं,
काय करावं ते न कळल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तीन कातऱ्या.
एक यादम्माची, एक नरसूबाईची,
एक कुणाची माहीत नाही,
तिची खीळच ढिली.
तिला आधी हातोडी लागेल.