साडेसातशे

स्वान्सीच्या चढावरलं घर. गेथिन टेप ओढतो:
शेगडीपासून कपाटाच्या बुडापर्यंत
चारशे दहा मिलिमीटर.
बुडाची फळी काळवंडलेली,
विसरलेल्या टोस्टसारखी.

"साडेसातशे तरी हवेत, मॉरविद."

"माझा हात पोचेल इतकंच वर
लावलं होतं इद्वलनं," ती म्हणते.
"गॅस नंतर आला."

कपाट उतरतं. मागे, धूर न लागलेल्या भिंतीवर
पेन्सिलीची रेघ,
शेजारी तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

ती टाचा उचलते, हात ताणते.
दोन बोटं कमी पडतात.

गेथिन उगाच टेप गुंडाळत राहतो.

"लाव वर. पार छताला लाव,
बशा मी खाली ठेवीन.
रंग तेवढा
रेघ सोडून दे."