हिप्परग्यावर, सतरावी फेरी

समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर.
आम्हा पाचजणांत तिघांनीच तो पाहिलाय,
तोही सहलीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
तरी नौदलासाठीची होडी आम्ही
हिप्परग्याच्या तलावात सोडतो.
मार्चमध्येच बेचाळीस अंश, लॅपटॉपवर छत्री.
छत्री धरायला माणूस लागतो.
होडीत मात्र माणूस नाही.

साडेचार मीटर, राखाडी, दोन्ही टोकांना निमुळती.
अप्पांनी पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाले, "हा तर धोटा."
अशोक चौकातल्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर,
बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मागाचं.
डावा कान मागांनी नेलेला.
मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून
रडार समजावलं, कॅमेरा समजावला,
ती स्वतःच ठरवते कुठं वळायचं, हेही.
त्यांनी एवढंच विचारलं:
"धागा तुटला की तार पडते, माग थांबतो.
हिची तार कुठाय?"

मी हसले असेन.

सतराव्या फेरीत
पाण्यात ट्रकच्या ट्यूबवर बसलेला सटवाजी भोई
तिला दिसला, आणि नाहीही दिसला.
पडद्यावर चौकोन आला: अज्ञात, बासष्ट टक्के.
म्हशीला ती एक्क्याण्णव देते.
मग ती वळली, अगदी शहाण्यासारखी वळली,
त्याला टाळून
त्याच्या जाळ्यावरून गेली.

आम्ही काठावरून ओरडलो. कुणाला, कोण जाणे.
पंख्यात जाळं गुंतून होडी अडली
तेव्हा सटवाजीनं तिला बांबूनं दोनदा ढोसलं,
आत वाकून पाहिलं,
आणि पुढच्या कडीला दोरी बांधून
हातानं वल्हवत काठाला ओढून आणली.
तिला पकडणारा आजवर तो एकटाच.

"आत कोण न्हाई?"
नाही.
"कुटनं चालवतंय मग?"
कुणीच नाही, मामा. ती आपली आपण.
तो बराच वेळ फाटक्या जाळ्याकडं पाहत राहिला.
"मग भांडू कुणासंगं?"

नोंदवहीत मी लिहिलं:
अडथळा, किरकोळ. जीवितहानी नाही.
बाराशे रुपये 'इतर खर्च'मध्ये टाकले.
जाळं घरी आणलं.
अप्पा रात्री दोनपर्यंत दिव्याखाली बसले,
विणकराची गाठ मारत, जिचं टोक बोटाला लागत नाही.
मासे धरायच्या जाळ्याला एवढी नाजूक गाठ लागत नाही, म्हटलं.
म्हणाले, दुसरी येत नाही.

त्याच रात्री मी ती ओळ लिहिली.
खात्री सत्तरच्या खाली गेली तर
थांब. माणसाला विचार.
एकच ओळ. पडणारी तार.

सोमवारी पाहिलं तर ती झाकलेली होती,
पुढं दोन तिरक्या रेघा, शेजारी कुणाची तरी टीप:
शत्रूच्या पाण्यात थांबणं परवडणार नाही.
खरं आहे तेही. मी वाद घातला नाही.
आणि त्या दोन रेघा
अजून पुसलेल्याही नाहीत.

आज अठरावी.
सटवाजी आज आलेला नाही, की आलाय
आणि बाभळीच्या सावलीत आहे, इथून कळत नाही.
होडी निघाली. पाणी उसवत गेलं,
मागं आपलं आपण मिटत गेलं.
अप्पा डबा घेऊन आलेत, कडक भाकरी, शेंगाची चटणी.
छत्री त्यांनी धरलीय.
उजवा कान पाण्याकडं.