बागेचं माप

मार्च संपत आलेला. अथणीत दुपारी दीडला
मी टेप घेऊन बागेत उतरले
तर टेपचा पत्रा हातात धरवेना.

जुना नकाशा देखणा होता.
मधोमध कारंजं, चारी अंगांना हिरवळ,
कडेनं शोभेची झाडं, ज्यांची सावली
त्यांच्याच बुंध्याला पुरत नाही.
कारंज्याच्या हौदात आता एक टायर, दोन शेळ्या
आणि दस्तगीरचा धाकटा, झोपलेला.
पाटी तेवढी शाबूत:
गवतावर चालू नये, दोन भाषांत.
वर कुठली, खाली कुठली, यावर
तीन बैठका झाल्या होत्या म्हणे.
तोवर गवत गेलं.

पश्चिमेला कुंपणाला भोक आहे.
तिथून एक वाट तिरपी निघते,
हौदाला वळसा घालून
थेट टाकीखालच्या नळापर्यंत.
घागरींनी पाडलेली. मी चालून मोजली,
बेचाळीस पावलं, एकही फुकट नाही.
नकाशात ती नव्हती.

एकुलत्या कडुनिंबाखाली सहा बायका
चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालत बसलेल्या.
ऊन सरकेल तशा सरकत,
कामासकट, न उठता,
दुपारभरात बुंध्याला अर्धी प्रदक्षिणा.
'काय मापायलीस गं?' बंगारव्वानं विचारलं.
बाग नवी करायची आहे, म्हटलं.
'म्हणजे झाड तोडणार काय?'
एक म्हणाली सावली जाईल,
दुसरी म्हणाली नेरळू,
आणि दोघी एकदमच वीतभर सरकल्या.

फाटक सातला बंद होतं.
माणसं आठनंतर येतात,
पत्रे निवत नाहीत म्हणून, चटया घेऊन,
बाळंतिणीसुद्धा. भोकातून.
हे मला रात्री थांबल्यावर कळलं.

परसाप्पानं माझा कागद उलटा धरला,
मग सुलटा, मग पुन्हा उलटा.
'कुणाचा पाय ठेवून काढलास?'
कुणाचा नाही. नमुना वरून आला.
'मग चावणार,' तो म्हणाला
आणि रापी दगडावर घासत बसला.

घरी येऊन मी भोकापासून सुरुवात केली.
त्याला फाटक म्हटलं, कुलूप काढलं नाही.
वाट होती तशी तिरपीच ठेवली, फक्त फरशी घातली.
नळाखालचं सांडपाणी चरातून
दोन नव्या करंजांना नेलं.
कडुनिंबाभोवती कट्टा, गोल,
सरकायला कडा गुळगुळीत.
कारंजं खोडलं. पाटीची जागा शिल्लक राहिली,
तिथं काय लिहावं सुचलं नाही.

वरून विचारणा आली आहे: हिरवळ कुठे?
उत्तर अजून दिलेलं नाही.

त्याच आठवड्यात माझा अंगठा तुटला, डाव्या चपलेचा.
परसाप्पा म्हणाला, ठेव पाय.
जवळ दुसरा कागद नव्हता.
त्यानं पेन्सिल फिरवली, टाचेपासून, सावकाश,
गुदगुल्या झाल्या, मी हसले,
बायकाही हसल्या.

नकाशाच्या पाठीवर आता माझा पाय आहे.
तोच कागद वर पाठवणार आहे.