लागू नसेल ते खोडा

शिरधनकरांचं विम्याचं ऑफिस मुलुंडला,
पाच रस्त्यापाशी, झेरॉक्सच्या दुकानावर.
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला चढणाऱ्याने
आधी मनातून माफ करावं लागतं.

फॉर्ममधला सतरावा प्रश्न:
चालकास यापूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.
होय असल्यास तपशील द्या.
आणि तपशिलाला जागा किती,
तर बसच्या तिकिटाएवढी.

काय लिहू तिथे?
की ऐरोली नाक्यावर रात्री पाऊण वाजता
हवालदार गुरवबाईंनी तोंडापुढे नळी धरली,
अगदी अदबीनं म्हणाल्या, फुंका काका.
मी हळूच फुंकलं, बशीतला चहा फुंकावा तसं.
असं नाही, पोटातून.
तीसपर्यंत माफ असतं. माझे निघाले सत्त्याण्णव.
दहावीला गणितात एवढे मिळाले असते
तर वडिलांनी चाळभर पेढे वाटले असते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस
ताकही फुंकून पितो, आई म्हणायची.
माझं उलटं झालं.
आधी फुंकलं,
पोळलं नंतर.

गुन्हा कबूल?
कबूल.
दंड दहा हजार, लायसन्स सहा महिने जमा,
आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.
म्हणजे मागच्या बाकावर बसून राहायचं.
शेजारी कणसं विकणारा एकजण होता,
विचारलं त्यानं, तुमचं काय?
म्हटलं, गाडी.
तो म्हणाला, माझीपण गाडीच. चाकं काढून नेली.
पाच वाजता कोर्ट उठलं.
तो धोतर झटकून निघाला
आणि मी घरी आलो,
तिथलं अजून उठलेलं नाही.

शिरधनकर चष्मा पुसतात.
खोपकर, 'होय' खोडा हो, कोण बघतंय?
कुणाला धक्का नाही, बंपरला चरा नाही.
उलट बोनस आहे तुमचा, पस्तीस टक्के.
इतकी वर्षं काही घडलं नाही
त्याचं बक्षीस.

घडलं नाही?

गाडी सोडवायला ऋजुता आली होती,
रिक्षानं, गाऊनवर ओढणी घेऊन.
लायसन्स तिचं अडीच महिन्यांचं.
सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला.
नाक्यापासून घरापर्यंत एक शब्द नाही.
फक्त इंडिकेटरची टकटक,
रिकाम्या रस्त्यावरच्या
प्रत्येक वळणाला.

गाडीची किंमत आहे फॉर्मात, दोन लाख चाळीस.
दरवर्षी किती घटते त्याचा तक्ताही आहे मागे.
बापाचा घसारा
कुठल्या पानावर बघायचा?

नाहीतर असं करा, शिरधनकर म्हणतात,
गाडी मुलीच्या नावावर करून टाका.
डाग तुम्हाला आहे, गाडीला नाही.

मी पेन मागतो. 'नाही'वर रेघ ओढतो.
पुसट उठते, म्हणून आणखी एक.
तपशिलात लिहितो: मुलगी न्यायला आली होती.
ते वाचतात, मान हलवतात.
हे नाही चालत. कलम लिहा, कलम.
मी खोडून कलम लिहितो.
एकशे पंच्याऐंशी.
तिकिटात आरामात बसतं.

खाली ऋजुता गाडीत थांबली आहे,
काचा उतरवून, हातात शेंगांची पुडी.
मी सवयीनं उजवीकडे जातो,
मग वळसा घालून डावीकडे.
किती म्हणाले?
सात हजार जास्त.
हं, म्हणते. सालं बाहेर झटकते.
किल्ली फिरवायच्या आधी
माझ्याकडे न बघता:
पट्टा.

मी पट्टा लावतो.